नुसता पत्ता सांगून भागत नाही

[या भागात एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात झालेलं भाषण ऐकवलं होतं. वक्त्या मराठवाड्यातल्या दुसऱ्या एका तालुक्यात वकिली करतात आणि तिथल्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहेत. समोर आशाताई, अंगणवाडी सेविका, काही शिक्षक, सेवा केंद्र चालवणारी मुलं आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी बसले होते. पक्षकारांची ओळख कळू नये म्हणून त्यांनी नावं-गावं गाळली आहेत. बोलणं शक्य तितकं जसंच्या तसं ठेवलं आहे.]

आवाज मागपर्यंत येतोय ना? पंखा जरा कमी करा. हां.

मला इथं बोलावलं ते "मोफत कायदेशीर सल्ला गावापर्यंत कसा पोचवायचा" यावर बोलायला. बोलावणाऱ्यांना वाटतंय की आमच्या तालुक्यात काम बरं चाललंय, तर त्याची कृती सांगावी. सांगते. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. ती झाली नसती तर बाकीचं काही झालंच नसतं.

काही वर्षांपूर्वी एका आशाताईंचा मला फोन आला. त्यांच्या गावात एक बाई आहेत, पस्तिशीच्या. नवरा आधीच वारलेला, पदरात दोन मुली. मग सासरे वारले. जमीन सासऱ्यांच्या नावावर, कोरडवाहू, साडेतीन एकर. थोरल्या दिरांनी वारस नोंदीसाठी अर्ज दिला. त्यात स्वतःचं नाव, आईचं नाव, बहिणीचं नाव. वारलेल्या भावाची बायको आणि त्याच्या दोन मुली मात्र अर्जात नाहीतच. सोबत शपथपत्र, की याशिवाय दुसरे कुणी वारस नाहीत.

आता कायदा काय म्हणतो? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. आधी वारलेल्या मुलाची विधवा, त्याचा मुलगा, त्याची मुलगी, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. यात शंकेला जागाच नाही. पण नोंदीची नोटीस लागली चावडीवर. या बाईंना घरी कुणी कळवलं नाही, कारण अर्जात नावच नाही तर कळवणार कुणाला? अशा नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. आशाताई सर्वेक्षणाचे कागद द्यायला ग्रामपंचायतीत गेल्या होत्या, त्यांनी ती नोटीस वाचली. तोवर अकरा दिवस गेलेले.

मी फोनवर काय सांगितलं? "ताई, काळजी करू नका. त्यांना तालुक्याला कोर्टात पाठवा. विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, अर्ज द्यायला सांगा, मोफत वकील मिळतो." एवढं बोलून मी फोन ठेवला. मनात समाधान की चला, एका बाईला योग्य ठिकाणी पाठवलं.

पंधरवडाभरानं त्या आशाताई मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, त्या ताईंचं काय झालं?"

मी म्हटलं, "कोण ताई?"

(थोडा वेळ शांतता)

त्या बाई आल्या होत्या. धाकटीला घेऊन, सकाळच्या एसटीनं. त्या दिवसाची मजुरी बुडवून. कोर्टाच्या आवारात विचारत विचारत ऑफिसपर्यंत पोचल्या. तिथं एकच कर्मचारी, तो दुसऱ्या कामावर गेलेला. कुणीतरी सांगितलं, साहेब नाहीत, उद्या या. बाई तीन वाजेपर्यंत व्हरांड्यात बसल्या आणि शेवटची सोयीची गाडी चुकू नये म्हणून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत यायला ना भाडं होतं ना हिंमत. आणि मी? मी त्या वेळी शेजारच्या इमारतीत एका दाव्यात उलटतपास घेत होते. शंभर पावलांवर. त्यांना माझा चेहरा माहीत नाही, मला त्यांचा नाही.

पंधरा दिवस संपले. हरकत नाही म्हणून नोंद प्रमाणित झाली. आणि दिरांनी जमिनीला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

आता सांगा, यात कायदा कमी पडला का? नाही. हक्क होता, योजना होती, ऑफिस होतं, वकीलही होता. आशाताईंनी तर त्यांचं काम नसताना नोटीस वाचली. आम्ही सगळे आपापल्या जागी होतो, पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात ती बाई गेलीच नाही. मधेच खाली पडली.

तर आज मला सांगायचंय ते या मधल्या जागेबद्दल.

आधी हक्क काय आहे ते थोडक्यात बघू, कारण त्याबद्दलच फार गैरसमज आहेत. राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं कलम ३९-अ आलं. पैसा नाही किंवा दुसरी काही अडचण आहे म्हणून कुणी न्यायापासून वंचित राहू नये, आणि त्यासाठी शासनानं मोफत कायदेशीर मदत द्यावी. मग १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो. देशाला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याला राज्य प्राधिकरण, जिल्ह्याला जिल्हा प्राधिकरण आणि आपल्याजवळ तालुका विधी सेवा समिती. तालुक्यातले सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात.

ही मदत कुणाला? लोक म्हणतात, "गरिबांना." अर्धंच खरं आहे. कलम १२ काढून बघा. स्त्रिया आणि मुलं, त्यांना उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमाती, त्यांनाही नाही. अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली माणसं, औद्योगिक कामगार, माणसांच्या व्यापाराला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांचे बळी. यातलं कशातच न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा, ती राज्य सरकार ठरवतं. म्हणजे या सभागृहात बसलेली प्रत्येक ताई आज, आत्ता, पात्र आहे. पगार कितीही असो.

दुसरा गैरसमज म्हणजे मोफत वकील फक्त कोर्टातल्या केसला. नाही. या कायद्यात "न्यायालय" या शब्दात महसुली न्यायालयही धरलंय. प्रांतांपुढचं फेरफाराचं अपील असलं तरी वकील मिळतो. नुसता सल्ला हवा असेल, नोटिशीला उत्तर लिहून हवं असेल, तरी मिळतो.

आता मधल्या जागेकडे येते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण आलं, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. एका कैद्याला अपील करायला चार वर्षं उशीर झाला. त्याचं म्हणणं, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती. पण दिल्याची त्याची लेखी पोच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की निकालाची प्रत कैद्याला मोफत द्या आणि मिळाल्याची त्याच्याकडून लेखी पोच घ्या. अपिलासाठी वकील करायची ऐपत नसेल तर तो शासनानं द्यावा, हेही त्याच निकालात आहे. पुढं १९८६ मध्ये, सुक दास यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आरोपीनं मागितला नाही म्हणून मोफत वकील नाकारता येत नाही. का? तर असा हक्क आहे हेच त्याला माहीत नसतं, मग तो मागणार कसा?

मला या दोन्ही निकालांतून एक साधी गोष्ट कळते. पाठवलं म्हणजे पोचलं, असं धरून चालायचं नाही. पोच घ्यायची.

आमच्या तालुक्यात आम्ही नेमकं तेच सुरू केलं. पोच घ्यायची पद्धत. त्या बाजारातल्या भेटीनंतर मी आणि त्या आशाताई, वाचनालयाचे ग्रंथपाल, सेवा केंद्र चालवणारा एक मुलगा आणि विधी महाविद्यालयाच्या एक प्राध्यापिका, असे पाच जण बसलो. निधी नाही, संस्था नाही, बॅनर नाही. समितीच्या अध्यक्षांना जाऊन भेटलो. गावात असं केंद्र चालवायची तरतूद आधीपासूनच आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाचे २०११ चे विनियम आहेत, त्यात गावोगावी कायदेशीर मदतीची केंद्रं काढा आणि तिथं विधी स्वयंसेवक बसवा असं म्हटलंय. विधी स्वयंसेवकांची योजना तर २००९ पासूनची. म्हणजे नवीन काही शोधायचं नव्हतं. कागदावर होतं ते जमिनीवर उतरवायचं होतं.

मग कुणी काय करायचं हे वाटून घेतलं. आशाताई आणि सेविका यांनी कायदा शिकायचा नाही. त्यांनी फक्त कागद बघायचा. कुणाच्या घरी नोटीस, समन्स, बँकेचं पत्र दिसलं तर एकच प्रश्न विचारायचा, "यावर तारीख कोणती आहे?" कायद्यात बरंचसं नुकसान तारीख गेल्यानं होतं. फेरफारावर हरकतीचे पंधरा दिवस, मग अपिलाचे साठ दिवस. समन्स घेऊन कोर्टात गेलंच नाही तर एकतर्फी निकाल. तारीख कळली की घाई किती ते कळतं.

सेवा केंद्रातल्या मुलानं सातबारा, फेरफाराची प्रत, आठ-अ काढून द्यायचा. शिवाय "टेली-लॉ" म्हणून सरकारची सोय २०१७ पासून आहे. सेवा केंद्रात बसून फोनवर किंवा व्हिडिओवर वकिलाशी बोलता येतं. साधा सल्ला तिथंच मिळाला तर तालुक्याची खेपच वाचते.

विद्यार्थ्यांनी माणसाची हकीकत लिहून घ्यायची. तारखांच्या क्रमानं, एका पानावर. तुम्हाला वाटेल, यात काय? अहो, वकिलाचा निम्मा वेळ त्यातच जातो. पक्षकार सांगायला बसला की आजोबांपासून सुरुवात करतो. (हसणं) करू दे की, त्याचा तो हक्क आहे. पण ऐकायला वेळ विद्यार्थ्याकडे असतो, आणि ऐकून घेतलं की माणूस अर्धा मोकळा होतो.

आणि समितीनं, म्हणजे आम्ही पॅनेलच्या वकिलांनी, महिन्यातल्या एका ठरलेल्या शनिवारी गावात यायचं. आलं नाही तर आधी कळवायचं. "उद्या या" हे दोन शब्द बंद.

आता ती चिठ्ठी. आमच्या सगळ्या कामाचा जीव त्या चिठ्ठीत आहे. अर्ध्या पानाची. त्यावर पाच गोष्टी. नाव आणि गाव. फोन, आणि कोणत्या वेळी केला तर चालेल. कागद कोणता आणि त्यावरची तारीख. सोबत कोण येणार. आणि आठ दिवसांनी "काय झालं?" हे कोण विचारणार, त्याचं नाव.

फोनची वेळ का? कारण घरात मारहाण होत असेल तर फोन नवऱ्याच्या हातात असतो. आम्ही वकील मंडळी बिनधास्त फोन लावतो, "कोर्टातून बोलतेय." संध्याकाळी त्या बाईवर काय बेतेल याचा विचार कोण करणार? एकदा एका ताईंनी मला सांगितलं, "मॅडम, मी पाण्याला जाते तेव्हा, साडेसातला." तेव्हापासून ती ओळ चिठ्ठीत आली.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. त्या नावाच्या माणसाला आठव्या दिवशी विचारावंच लागतं. "कोण ताई?" असं म्हणायची सोयच राहत नाही.

त्या बाईंचं पुढं काय झालं ते सांगते. नोंद प्रमाणित झाली तरी साठ दिवसांत प्रांतांकडे अपील करता येतं. आम्ही बसलो तेव्हा त्यातले बावीस दिवस उरले होते. या वेळी आशाताई स्वतः त्यांच्यासोबत एसटीत बसल्या. त्यांचं भाडं ग्रंथपालांनी दिलं. मी स्टँडवर उभी होते. समितीकडे अर्ज झाला, वकील नेमला गेला, अपील दाखल झालं, सोबत स्थगितीचा अर्ज. स्थगिती मिळाली, गिऱ्हाईक मागं हटलं. यथावकाश नोंद रद्द होऊन फेरचौकशी झाली. आज सातबाऱ्यावर त्या बाईंचं आणि दोन्ही मुलींचं नाव आहे.

टाळ्या नकोत. कारण गोष्ट संपलेली नाही. फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. ती महसुलाची नोंद. जमीन अजून वाटून मिळालेली नाही, वाटणीचा दावा कोर्टात चालू आहे. दीर बोलत नाहीत. सासूबाई मधेच नातींना बघायला येतात, गुपचूप. ही सगळी किंमत आहेच. आणि पहिल्याच दिवशी त्या व्हरांड्यात कुणी त्यांना भेटलं असतं, तर हरकतीच्या एका अर्जावर काम झालं असतं. माझ्या एका फोनचा हा हिशोब.

आता तुम्ही इथं सुरू करणार आहात तर आमच्या चार ठेचा सांगते, म्हणजे तुम्हाला लागणार नाहीत.

पहिली, जागेची. आम्ही आधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसलो. तीन महिने कुणी फिरकेना. मग एका म्हाताऱ्या आजींनी सांगितलं, "बाई, ज्याच्याविरुद्ध सांगायचं त्याच्याच ओट्यावर बसून कसं सांगू?" ग्रामपंचायत चांगली असेल, पण गावात भावकी असते, गट असतात. आम्ही वाचनालयात आलो. तिथं येणाऱ्याला कुणी विचारत नाही, का आलास. पेपर वाचायला आलोय म्हणता येतं.

दुसरी, आशाताईंच्या ओझ्याची. त्यांना आधीच किती रजिस्टरं आहेत ते त्यांनाच विचारा. भागीदारीच्या नावाखाली आणखी एक रजिस्टर देऊ नका. चिठ्ठी विद्यार्थी भरतात. ताईंनी फक्त माणूस आणायचा. आणि कुणाला रीतसर काम करायचं असेल तर विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवून प्रशिक्षण घ्यायचं. कामाच्या दिवसाचं मानधन असतं, ते मागायला लाजायचं नाही.

तिसरी ठेच आम्हा वकिलांची. "फुकटचा वकील काय कामाचा?" हे मी हजारदा ऐकलंय, आणि कधीकधी ते खरं ठरलेलंही पाहिलंय. नेमलेला वकील तारखेला येत नसेल, किंवा बाजूला घेऊन पैसे मागत असेल, तर समितीकडे लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा. पैसे मागणं नियमाविरुद्धच आहे. पॅनेलवर असून मी हे सांगतेय. आठव्या दिवशी विचारणाऱ्या माणसानं हेही विचारायचं की वकील भेटला का, काय म्हणाला.

चौथी, लोकअदालतीची. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, वर्षानुवर्षांची भांडणं एका दिवसात मिटतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथं झालेली तडजोड म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, नाही कळला तर "मला आधी वकिलाशी बोलायचंय" म्हणा. घाई करणाऱ्याला घाई असते, तुम्हाला नसते.

संपवते. १५१०० हा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. विधी सेवेची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण नंबर देऊन माझं काम झालं असं मी आता म्हणत नाही. पुढच्या वेळी कुणी कागद घेऊन तुमच्या दारात आलं, तर नंबर तुमच्या फोनवरून लावा, आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसा. चहा टाकलात तर उत्तमच.

त्या पहिल्या दिवशी त्या बाईंसोबत धाकटी मुलगी होती म्हणाले ना, ती आता बारावीला आहे. मागच्या शनिवारी वाचनालयात चिठ्ठ्या भरायला तीच बसली होती. एका आजोबांना विचारत होती, "बाबा, आठ दिवसांनी तुम्हाला कुणी विचारायचं? माझं नाव लिहू का?"

लिहिलं तिनं. एवढंच.

[भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत सातबारा, पोटगी आणि बँकेच्या नोटिशीबद्दल बरंच बोलणं झालं. ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरात एखादा न वाचलेला सरकारी कागद पडला असेल, तर त्यावरची तारीख तेवढी बघून ठेवा.]